गाडी उभी राहिल्यावर गाणं कुठून येणार?

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. त्या लिहितात: ‘यजमान गेल्या वर्षी मराठी शाळेतून निवृत्त झाले. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि बेळगावात उद्यमबागेत तिचं फिरतं घर करून घेतोय. दोन बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी, टपावर सोलर. सगळं ठरलं, पण रेडिओ आणि गाण्याचं काही ठरत नाही. पुण्याचा मुलगा म्हणतो, दहा इंची स्क्रीन, अँप्लिफायर आणि सबवूफर बसवा. यजमान म्हणतात, मोबाईल आहे की, कशाला खर्च? सासूबाई एक्याऐंशी वर्षांच्या, त्यांना पहाटे रेडिओ लागतो, त्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही. पहिली फेरी सौंदत्तीला यल्लम्माची, मग चोर्ल्यातून गोवा आणि आषाढीला पंढरपूर. काय घ्यावं?’

ताई, आत प्लाय ठोकायच्या आधी विचारलंत, फार बरं केलंत. वायरी एकदा प्लायच्या मागे गेल्या की मेस्त्री त्यांना हात लावायला तयार होत नाहीत, आणि गाडीतल्या गाण्याचं निम्मं यश त्या वायरींतच असतं.

तुमचे यजमान आणि मुलगा दोघेही गाडी चालत असतानाचा विचार करताहेत. पण फिरत्या घराचा दिवस बघा. चार-पाच तास गाडी चालते, बाकी सगळा वेळ ती उभी असते. कुठे झाडाखाली, कुठे देवळाच्या मैदानात, कुठे पेट्रोल पंपाच्या कडेला. खरं ऐकणं तेव्हाच होतं. चहा होतोय, भाजी निवडली जातेय, बाहेर पाऊस लागलाय आणि आत कुणीतरी गातंय. ते गाणं कुठल्या बॅटरीवर वाजणार, हा पहिला प्रश्न. स्क्रीन किती इंची, हे त्यानंतर.

हे मी पोळून शिकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी आईला घेऊन आम्ही गोव्याला एका लग्नाला निघालो होतो. कणकुंबीत माउलीच्या देवळाजवळ मुक्काम केला. मलप्रभा जिथे उगम पावते तीच ही जागा. रात्री पाऊस, गाडीत आम्ही पाच जण आणि टेपवर अभंग. चावी अर्धी फिरवून टेप चालू ठेवला आणि ऐकता ऐकता सगळे झोपून गेलो. पहाटे चावी फिरवली तर ‘खट’ एवढाच आवाज. धक्का मारायला चिखलात पाय रोवत नव्हता. शेवटी दुधाच्या गाडीवाल्यानं त्याच्या बॅटरीला वायरी लावून गाडी चालू करून दिली. गोव्यात पोचलो तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. आई काही बोलली नाही, पण तिच्या मनाला ते लागलं होतं. म्हणून सांगतो, गाडी चालू करणारी बॅटरी आणि घराची बॅटरी वेगळी ठेवा, आणि गाणं घराच्या बॅटरीवरच वाजवा. सोलर बसवताय म्हणजे घराची बॅटरी येणारच आहे.

इथे एक बारीक गोष्ट मेस्त्रींना उभं राहून सांगा, कारण नेमकी इथेच चूक होते. टेपच्या, म्हणजे डॅशबोर्डमधल्या रेडिओ-प्लेअरच्या, मागून ज्या वायरी निघतात त्यांत एक पिवळी, एक लाल आणि एक काळी असते. लाल वायर चावीची, तिच्यामुळे टेप चालू-बंद होतो. काळी अर्थची, म्हणजे निगेटिव्ह. पिवळीला चोवीस तास करंट लागतो, तिच्यावर स्टेशनं लक्षात राहतात आणि गाण्याचा सगळा भारही तीच ओढते. बरेच जण फक्त लाल वायर काढून वेगळ्या बटणावर घेतात आणि म्हणतात, झालं काम, आता चावीशिवाय वाजतो. वाजतो खरा, पण पिवळी अजून इंजिनाच्याच बॅटरीवर असते आणि पहाटे पुन्हा ‘खट’. तेव्हा पिवळी आणि लाल दोन्ही घराच्या बॅटरीवर घ्या. लालवर एक साधं बटण बसवा. पिवळीचा फ्यूज टेपजवळ असतोच, पण बॅटरीपासूनही वीतभर अंतरात एक बसवा, म्हणजे मधली वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर आग लागणार नाही. आणि बॅटरी १२ व्होल्टची आहे ना, ते बघून घ्या. मोठ्या बसगाड्यांत २४ व्होल्ट असतात, तिथे मधे २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लागतो.

हिशेब सोपा आहे. मध्यम आवाजात साधा टेप आणि चार स्पीकर मिळून साधारण दोन अँपिअर ओढतात. संध्याकाळचे पाच तास ऐकलं तर दहा अँपिअर-तास झाले. १०० अँपिअर-तासाची पाण्याची बॅटरी असेल तर तिच्यातले निम्मेच वापरायचे असतात, म्हणजे ५०. त्यातून दिवे, पंखा आणि पाण्याचा पंप चालवून दहा गाण्याला देणं परवडतं, दुसऱ्या दिवशी ऊन ते भरून काढतं. अँप्लिफायर आणि सबवूफर मोठ्या आवाजात लावले तर एका तासातच दहा अँपिअर-तास जाऊ शकतात. पावसाळ्यात, चोर्ल्याच्या वाटेवर जांबोटीच्या ढगाखाली, ते कुठून भरून येणार?

मुलाचा आग्रह प्रेमापोटी आहे, त्याला दुखवू नका. स्क्रीनबद्दल त्याचं म्हणणं अर्धं बरोबरही आहे. एवढी लांब गाडी मागे घेताना कॅमेरा आणि स्क्रीन फार उपयोगी पडतात, यात्रेच्या गर्दीत तर हवेतच. पण सात इंची पुरे. डबल डिनच्या, म्हणजे साध्या टेपच्या दुप्पट उंचीच्या, खाचेत बसणारी घ्या आणि आवाजाला फिरवायचं खरं बटण असलेलीच घ्या. तवंदी घाट उतरताना यजमानांनी काचेवर बोट घासत आवाज कमी करायचा म्हणजे रस्त्यावरचं लक्ष उडणार. गाडी चालू असताना त्या स्क्रीनवर व्हिडिओ लावायचा नाही, हे आत्ताच घरात ठरवून टाका. आणि डब्यावर ‘५० × ४ वॅट’ लिहिलेलं बघून भुलू नका, तो क्षणभराचा आकडा असतो. सलग मिळतात साधारण पंधरा-वीस वॅट, आणि ट्रॅव्हलरच्या पोटात तेवढे भरपूर होतात.

सबवूफर मात्र नको. त्याची पेटी बिछान्याखालची डाळ-तांदळाची जागा खाईल, कपाटाची दारं आणि ताटल्या थरथरतील. आणि तुमच्या घरात ऐकलं जाणारं गाणं कंठाचं आहे. कुमार गंधर्व तुमच्याच जिल्ह्यातले, १९२४ साली सुळेभावीत जन्मलेले. त्यांचा आवाज ऐकायला छातीत धडधडणारा ढोल कशाला हवा? स्वर स्वच्छ पोचला पाहिजे. साडेसहा इंची चांगले कोअ‍ॅक्सिअल (जाड आणि बारीक दोन्ही स्वरांचे स्पीकर एकातच असलेले) स्पीकर घ्या, दोन पुढे आणि दोन मागे राहत्या भागात. मागचे बसवायच्या आधी एक रात्र बिछान्यावर पडून बघा, कान कुठे येतो ते. स्पीकर तिथून हातभर अंतरावर हवा. सासूबाईंसाठी हे जास्तच महत्त्वाचं. या वयात ऐकू कमी येतं म्हणून आपण आवाज वाढवत जातो, त्यानं शब्द आणखी फुटतात. स्पीकर जवळ आणला तर लहान आवाजातही शब्द कळतो.

आणखी एक सोय बहुतेक टेपमध्ये असतेच, पण कुणी वापरत नाही. आवाज पुढे-मागे सरकवायचा फेडर. पुढचे दोन स्पीकर ड्रायव्हरचे, मागचे दोन घराचे अशी वायरिंग करून घ्या. प्रवासात सासूबाईंचा डोळा लागला असेल तर आवाज सगळा पुढे घ्यायचा. मुक्कामाला पोचलात की सगळा मागे. त्याला वेगळा पैसा लागत नाही. फक्त मेस्त्रींना सांगा की स्पीकरची काळी-पांढरी कुठलीच वायर बॉडीला अर्थ करायची नाही. जुन्या गाड्यांत तशी सवय होती, आताच्या टेपमध्ये त्यानं आतला आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, जातो. टेपमधून निघणाऱ्या वायरींच्या एका जोडीला दोन स्पीकर लटकवूनही भागवायचं नाही.

आता यजमानांचा मोबाईल. टेपला ब्लूटूथ असेल तर मोबाईल जोडता येतो, आणि गावात, हायवेवर उत्तम वाजतो. पण जांबोटी सोडून कणकुंबीकडे चढायला लागलात की रेंज जायला लागते, आणि चोर्ल्यात जंगलात गाणं मधेच तुटतं. म्हणून गाणी पेन ड्राइव्हवर भरून घ्या. ३२ जीबीच्या ड्राइव्हवर उत्तम प्रतीची, म्हणजे ३२० केबीपीएसची एमपीथ्री सव्वादोनशे तासांच्या आसपास मावतात. पंढरपूरला जाऊन आलात तरी संपायची नाहीत. ड्राइव्ह एफएटी ३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला हवा, नाहीतर बऱ्याच टेपना तो दिसतच नाही. देवनागरीत नावं दिलीत तर काही टेपवर नुसते चौकोन दिसतात. म्हणून फोल्डरांना आकडे द्या: ०१ भूपाळी, ०२ अभंग, ०३ नाट्यसंगीत, ०४ कानडी भजनं. मग ते आकडे एका वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून डॅशबोर्डजवळ चिकटवा. एका घरी मी हे करून दिलं होतं. तिथल्या आजी आता कुणाला न विचारता बटण दाबत बरोबर तीनवर थांबतात. हे भरण्याचं काम मुलावर सोपवा. स्क्रीनचा हट्ट कमी होईल, आणि आईवडिलांच्या आवडीचं एकेक गाणं शोधताना त्यालाही बरं वाटेल.

आणि आता सासूबाईंचा रेडिओ. ताई, या पत्रात मला सगळ्यात जास्त जीव लावणारी ओळ त्यांची होती. पहाटेचा रेडिओ हा त्यांचा नेम आहे, करमणूक म्हणून त्याला खालच्या ओळीत टाकू नका. आपल्या सीमाभागात किती घरांत हे असंच आहे. धारवाडचं आकाशवाणी केंद्र १९५० च्या जानेवारीत सुरू झालं, मल्लिकार्जुन मन्सूर तिथे संगीत सल्लागार होते. कानडी न येणारी माणसंसुद्धा गाण्यासाठी धारवाड लावायची. एका बाजूला धारवाड, एका बाजूला सांगली. पहाटे कुठलं स्टेशन आधी लागतं त्यावरून घरात कुठल्या भाषेत दिवस उगवणार ते ठरायचं, आणि दोन्ही आपलेच वाटायचे.

त्यांना वेगळा रेडिओ घ्या. हातात धरायचा, सेलवर चालणारा, मीडियम वेव्ह आणि एफएम दोन्ही असलेला, फिरवायच्या चकतीचा. गाडीच्या कुठल्याही वायरीला तो जोडायचा नाही. मोठे सेल घालणारा मिळाला तर उत्तम, रोज पहाटे दोन तास लावला तरी बरेच दिवस जातात. मुक्काम संपवून घरी आलात की सेल काढून ठेवा, फुटून पाझरले तर आतल्या पट्ट्या खातात. सगळी गाडी बंद पडली, मोबाईल संपला, पावसानं सोलर थकला, तरी हा वाजेल. गाडीच्या टेपमध्येही रेडिओ असतो, पण हल्लीच्या स्वस्त स्क्रीनवाल्या टेपांत मीडियम वेव्ह बऱ्याचदा नसतेच. असली तर सेटिंगमध्ये देश बघा. अमेरिकेवर असेल तर तो दहा-दहा किलोहर्ट्झच्या उड्या मारतो. आपल्याकडे स्टेशनं नऊ-नऊच्या अंतरावर आहेत. धारवाडचा आकडा ७६५, आणि तो टेप ७६० वरून थेट ७७० वर जातो. मग दुकानदार म्हणतो, ‘इथे रेडिओ लागतच नाही ओ.’ आशिया केलंत की लागतो.

सासूबाईंना हे दाखवा, त्यांना आवडेल. मीडियम वेव्हला ती बाहेर ओढायची काडी लागत नाही, ती एफएमची. मीडियम वेव्हची अँटेना म्हणजे आत रेडिओच्या लांबीत आडवी बसवलेली एक काळी कांडी. रेडिओची लांब बाजू स्टेशनाकडे तोंड करून असली की आवाज भरतो, टोक स्टेशनाकडे केलं की पडतो. खानापुरात धारवाड पूर्वेला आहे, म्हणजे रेडिओचं तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला. सौंदत्तीला पोचलात की तेच धारवाड दक्षिणेला येतं, म्हणजे रेडिओ एक काटकोन फिरवायचा. मुक्काम बदलला की आधी रेडिओ हळूहळू फिरवून बघायचा, जिथे आवाज भरेल तिथे ठेवायचा. पत्र्याच्या गाडीत मात्र मीडियम वेव्ह आत शिरत नाही, त्यामुळे तो खिडकीच्या कडेला किंवा दाराबाहेर खुर्चीवर ठेवावा लागेल. खिडकीशी एक छोटी फळी, पुढे पट्टी लावलेली, आत्ताच करून घ्या. रात्री जेवणं झाल्यावर पुन्हा चकती फिरवून बघा. अंधार पडला की आकाशातला दिवसा या लहरी गिळणारा थर विरतो आणि दूरची स्टेशनं येऊ लागतात, पुणं ७९२ वर, कधी आणखी लांबची. एफएमचं तसं नाही, ते नजरेच्या टप्प्यातलं. निपाणीच्या बाजूला कोल्हापूरचं १०२.७ छान लागेल, डोंगर आडवा आला की जाईल.

खरखर आली तर रेडिओला दोष देऊ नका. इन्व्हर्टर, सोलरचा कंट्रोलर, स्वस्तातले एलईडी दिवे आणि मोबाईलचे चार्जर हे सगळे मीडियम वेव्हवर आवाज करतात. उद्यमबागेत काम चालू असतानाच तो रेडिओ घेऊन जा, स्टेशन नसलेल्या आकड्यावर चकती लावा आणि एकेक वस्तू बंद-चालू करा. जिच्यामुळे ‘घर्रर्र’ वाढतं ती ओळखता येईल. दिवा असेल तर आत्ताच बदलता येतो. कंट्रोलर असेल तर तो बिछान्यापासून लांब, गाडीच्या दुसऱ्या टोकाला बसवता येतो. टेपसाठी टपावर एफएमची अँटेना बसवताना तिच्या पायाखालचा रंग खरवडून पत्रा उघडा करायला सांगा, अर्थ तिथून मिळतो, वरून पाणी जाऊ नये म्हणून सीलंट. आणि सोलर पॅनेलला चिकटून नको.

डिशबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी गळ्यात घालेलच म्हणून सांगतो. डीडी फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत आणि तिच्यावर आकाशवाणीची रेडिओ स्टेशनंही येतात. आपल्याकडून तिची छत्री आग्नेयेला, बरीच वर करून धरावी लागते. झाडाखाली उभे असाल तर काही येणार नाही, आणि तुम्ही नेहमी झाडाखालीच उभे राहाल. पहिल्या वर्षी घेऊ नका. आकाशवाणी रेंज असेल तिथे न्यूजऑनएअर ॲपवरही ऐकता येते.

सौंदत्तीबद्दल एक. पूर्वी आपल्याकडचे लोक बैलगाडीत संसार घालून यल्लम्माला जायचे, वाटेत गाड्या सोडून तिथेच चूल मांडायचे. तुमची गाडी त्याच वाटेनं जाणार. यात्रेच्या मैदानात शेजारच्या तंबूत तान्ही लेकरं, दमलेली म्हातारी माणसं झोपलेली असतात. रात्री दहानंतर आवाज दाराबाहेर जाता कामा नये. स्पीकर कानाजवळ घ्या म्हणालो, ते यासाठीही.

पैसे एकदम काढायचे नसतील तर आधी घराची बॅटरी आणि वायरी, लगेच सासूबाईंचा रेडिओ, मग मागचे दोन स्पीकर आणि साधा टेप. स्क्रीन आणि कॅमेरा दिवाळीला मुलगा येईल तेव्हा. वायर मात्र कॅमेऱ्याचीही आत्ताच टाकून ठेवा.

गाडी घरी आली की सौंदत्तीला निघायच्या आठवडाभर आधी एक रात्र अंगणातच तिच्यात झोपा. चावी काढून घरात खुंटीला लावा. संध्याकाळी सहापासून अकरापर्यंत तुमच्या आवडीचं ऐका, दिवे आणि पंखा चालू ठेवा. पहाटे सासूबाईंना त्यांचा रेडिओ खिडकीत लावून द्या, चहा होऊ द्या. मग यजमानांना म्हणावं, चावी घेऊन या आणि गाडी चालू करून बघा. पहिल्या फटक्यात लागली तर नारळ फोडा. नाही लागली तर दुसऱ्या दिवशी मेस्त्रींकडे जाऊन ती पिवळी वायर कुठे जाते ते त्यांच्यासमोर हातानं चाचपत बॅटरीपर्यंत बघा, आणि मला पुन्हा लिहा.